टेक-ऑफ, आणि मध्येच ब्रेक

आज आमचं विमान धावपट्टीवर सुसाट निघालं आणि मध्येच थांबलं. पाठ सीटला चिकटलेली असतानाच इंजिनांचा आवाज पडला आणि सगळे पुढे फेकले गेलो. पट्टा पोटात रुतला. शेजारच्या काकूंनी माझं मनगट असं काही धरलं की नखांच्या खुणा अजून आहेत. "कॉकपिटमध्ये एक इशारा आला, म्हणून थांबलो," कॅप्टननी अगदी शांतपणे सांगितलं.

मला विमानांचं वेड, त्यामुळे काकूंना माझं व्याख्यान ऐकावं लागलं. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी बघून 'व्ही-वन' नावाचा वेग काढतात. थांबायचं तर त्याच्या आतच. तो ओलांडला की एक इंजिन गेलं तरी उडायचंच, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेलच असं नाही, पण एका इंजिनावर वर मात्र जाऊ शकतं. म्हणून त्या क्षणी कॅप्टन थ्रॉटलवरचा (इंजिनांचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा) हातच काढून घेतो. मोहच नको! सुरुवातीच्या ८०-१०० नॉटपर्यंत (ताशी १५०-१८५ किमी) किरकोळ कारणानेही थांबतात. पुढे मात्र आग, इंजिन बंद असलंच काही असेल तर.

मग ब्रेक थंड होईपर्यंत बसून राहिलो. ते फारच तापले तर चाकातले फ्यूज प्लग वितळून हवा सोडतात, टायर फुटू नये म्हणून. हे मी काकूंना सांगितलं नाही.

तपासणी होऊन पुन्हा निघालो, तेव्हा काकू डोळे घट्ट मिटून विचारत होत्या, "झालं का हो तुमचं ते व्ही-वन?"