स्लोव्हेनियन द्विवचन : कुठवर आलोय

वर्तमानकाळाचे तक्ते आता जिभेवर बसले. देलाम म्हणजे मी काम करतो, देलावा म्हणजे आम्ही दोघं, देलामो म्हणजे आम्ही सगळे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी शेजारी गच्छामि, गच्छावः, गच्छामः लिहून बघा. म, व, म. प्रत्यय एकाच भाषाकुळातले, आणि हे बघून मला अजूनही भरून येतं. आपल्याकडे द्विवचन प्राकृतांतच गळालं. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात मात्र दोघं बाजारात निघाली तरी ते लागतंच. स्लाव्हिक भाषांमध्ये ते असं नांदतंय ते स्लोव्हेनियनमध्ये आणि जर्मनीतल्या दोन सोर्बियन भाषांत.

सध्या मुक्काम भूतकाळात. ‘ये श्ला’ म्हणजे ती गेली, ‘स्ता श्ला’ म्हणजे ते दोघे गेले. ‘सो श्ली’ म्हणजे ते सगळे गेले, पण ‘स्ता श्ली’ म्हणजे त्या दोघी गेल्या! एकच ‘श्ला’ एकीलाही आणि दोघा पुरुषांनाही. म्हणून ऐकताना आधी ये, स्ता, सो पकडायचं, मग पुढचं. एक तो आणि एक ती असेल तर आपण नपुंसकलिंगात ‘ती दोघं गेली’ म्हणतो. तिथे सरळ पुल्लिंगी द्विवचन, ‘स्ता श्ला’.

संस्कृतचा आधार सुटतो तो जोडीच्या अवयवांपाशी. नेत्रे, हस्तौ, पितरौ ही द्विवचनं आपल्याला पाठ. स्लोव्हेनियनमध्ये डोळे (ओची), हात (रोके), आईवडील (स्तार्शी) एरवी अनेकवचनातच येतात. जोडी गृहीतच असते म्हणून असेल. ‘दोन्ही’ म्हटलं की मात्र द्विवचन हजर: ओबे रोकी.

आकड्यांचं प्रकरण थोडक्यात: एक मिझा (टेबल), दोन मिझी, तीन-चार मिझे, पाचपासून मिझ. 102 टेबलांनाही पुन्हा द्विवचन, कारण शेवटी दोन आहेत.

आता विभक्त्या हातात घेतल्यात. षष्ठी-सप्तमीची द्विवचनी रूपं अनेकवचनाचीच, त्यामुळे तिथे नवं पाठांतर नाही. चतुर्थी आणि तृतीया दोन्हींना एकच ‘मिझामा’. मालाभ्याम् घोकलेल्यांना याचं नवल वाटायचं नाही. संस्कृतात तर पंचमीही त्याच रूपात उरकते.