तिसरा हीट पंप न बसवता गरम पाणी चौथ्या रायझरपर्यंत नेलं : माझा अनुभव

नोव्हेंबर संपत आला होता, पहाटेचा गारठा सुरू झाला होता, आणि पुण्यातल्या वारज्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमचा फोन आला, की आमच्याकडे सेंट्रल गरम पाणी आहे पण चौथ्या लाईनीला येतच नाही, आधीच्या एजन्सीने तिसरा हीट पंप बसवायला सांगितलंय, साडेचार लाखांचं कोटेशन आहे, एजीएमच्या आधी तुम्ही एकदा बघून जाता का. मी पंधरा-सोळा वर्षं गरम पाण्याच्या लाईनी, बॉयलर, हीट पंप हेच काम करतोय. हॉटेलं केली, हॉस्टेलं केली, एक-दोन स्विमिंग पूल पण केले. म्हणलं येतो.

बिल्डिंग 11 मजली, मजल्यावर 4 फ्लॅट, एकूण 44. गच्चीवर 20 किलोवॅटचे दोन हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारी मशीनं), 6000 लिटरची इन्सुलेटेड टाकी, मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे मशीनकडच्या बंद लूपमधली उष्णता पातळ पत्र्यांमधून टाकीच्या पाण्याला देणारं यंत्र. टाकीतून गच्चीवरच्या हेडरला, म्हणजे वाटणीच्या आडव्या पाईपला पाणी येतं, तिथून 4 रायझर, म्हणजे उभ्या लाईनी, खाली उतरतात, पार्किंगच्या छताला चारही एकत्र येतात आणि एकच रिटर्न पाईप परत गच्चीवर टाकीत जातो. म्हणजे पाणी फिरतं राहावं, नळ उघडला की लगेच गरम मिळावं. कागदावर ड्रॉइंग बरोबर होतं.

पहिल्या दिवशी मी आठव्या मजल्यावर, चौथ्या रायझरवरच्या एका आजींकडे गेलो. शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि रोज सकाळी गॅसवर पातेलं तापवून स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत स्वतः नेतात. मला म्हणाल्या, "अरे बाळा, मेन्टेनन्स तर सगळ्यांएवढाच भरते मी." ते पातेलं बघितल्यावर मला खरंच झोप लागली नाही. उकळतं पाणी घेऊन ओल्या फरशीवरून चालणं म्हणजे काय धोका आहे हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

घरी येऊन आधी हिशोब केला, कारण मशीन कमी पडतंय का हे आधी कळलं पाहिजे. 44 फ्लॅट, घरटी 4 माणसं, माणशी 35 लिटर धरलं तर साधारण 6000 लिटर होतात. थंडीत टाकीत येणारं पाणी 20 डिग्री धरलं, तापवायचं 55 पर्यंत, म्हणजे 35 ची वाढ, 6000 गुणिले 35 म्हणजे 2,10,000 किलोकॅलरी, त्याला 860 ने भागलं (860 किलोकॅलरी म्हणजे एक किलोवॅट-अवर) की 244 किलोवॅट-अवर. दोन्ही मशीन मिळून 40 किलोवॅट देतात, म्हणजे सहा तासांत टाकी तयार. रात्री अकराला सुरू केलं तर पहाटे पाचला पूर्ण. मशीन पुरेसं होतं हो! तिसऱ्या हीट पंपाने बिल वाढलं असतं, आजींचं पातेलं मात्र तसंच राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारलाच गच्चीवर गेलो, बरोबर माझा फिटर आणि बोहरी आळीतून आणलेले चार क्लॅम्प थर्मामीटर. टाकीत 54 डिग्री. पाच वाजता टायमरने रिटर्न पंप सुरू झाला, दीड एचपीचा, त्याच्यावरच्या नेमप्लेटवर 40 मीटर हेड, म्हणजे पाणी ढकलायची ताकद. जोरात आवाज. डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवाज कमी व्हावा म्हणून अर्धा बंद करून ठेवलेला. सहा वाजेपर्यंत पंपाचा आवाज बदलला, पोकळ यायला लागला, आणि टाकीत पडणारी धार बंद. पंप चालू पण पाणी नाही. वॉचमन काका म्हणाले, "रोजचंच आहे साहेब, प्लंबर येतो, बोल्ट ढिला करून हवा काढतो, परत चालतो, परत बंद पडतो."

हवा येते कुठून हा खरा प्रश्न होता. पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी आत ओढायच्या बाजूला, रिटर्न पाईपच्या अगदी वरच्या टोकाला एक ऑटो एअर व्हेंट लावलेला. सगळ्यांचा समज असा की हवा काढायला व्हेंट आहेच, मग अजून काय करणार. मी पंप बंद करून व्हेंटच्या तोंडावर साबणाचा फेस लावला, फेस जागेवर राहिला. पंप सुरू केला आणि फेस आत ओढला गेला. तो व्हेंट हवा बाहेर काढत नव्हता, आत घेत होता! मग शेजारच्या टॅपिंगला कंपाउंड गेज, म्हणजे शून्याच्या खालचं प्रेशरही दाखवणारा गेज लावला, काटा शून्याच्या खाली.

हे नीट सांगतो, कारण ही चूक मी पुण्यात कितीतरी ठिकाणी बघितलीय. टाकीतल्या पाण्याची पातळी पंपापेक्षा जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पंप बंद असताना त्या जागी प्रेशर अडीच मीटरचंच, चौरस सेंटिमीटरला पाव किलो. पंप सुरू झाला की पाणी टाकीतून निघून अकरा मजले खाली जाऊन परत वर येईपर्यंत पाईपच्या घर्षणात जे प्रेशर जातं ते सगळं सक्शनला वजा होतं, आणि एवढा मोठा पंप भरपूर पाणी ओढत असल्यामुळे ते घर्षण अडीच मीटरच्या वर गेलं. मग तिथे प्रेशर हवेपेक्षा कमी, आणि व्हेंट म्हणजे हवेला उघडं दार.

आणि 40 मीटरचा पंप का घेतला? तर बिल्डिंग 33 मीटर उंच आहे म्हणून. इथेच गल्लत होते. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायचं असेल तर उंची मोजावी लागते, बरोबर. पण पाण्याने भरलेल्या गोल फिरणाऱ्या लाईनीत जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरत असतं, विहिरीवरच्या रहाटाच्या दोन बाजूंच्या पोहऱ्यांसारखं एकमेकांना तोलून धरतं. पंपाला फक्त घर्षण सोसायचं असतं, उंची नाही.

मग पाणी किती फिरवायचं ते काढलं. सगळी लाईन मिळून अंदाजे 250 मीटर, इन्सुलेशन चांगलं असेल तर मीटरला 10 वॅट उष्णता जाते असं मी धरतो, म्हणजे अडीच किलोवॅट. टाकीतून 55 ने निघालेलं पाणी 50 ने परत यावं, 5 चा फरक, तर अडीच गुणिले 860 भागिले 5, तासाला 430 लिटर. थोडं जास्त धरून 600. आणि प्रत्यक्षात? रिटर्नचं तोंड 20 लिटरच्या बादलीत सोडलं आणि मोबाईलवर वेळ लावली, 15 सेकंदात बादली भरली. तासाला 4800 लिटर, म्हणजे आठ पट. या जास्तीच्या पाण्याने अजून एक नुकसान होत होतं, परत येणारी धार टाकीत एवढी घुसळण करायची की वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं राहायचंच नाही, सकाळी सातच्या सुमारास सगळी टाकीच कोमट.

कमिटीसमोर हे सगळं मांडलं. चेअरमन काका रिटायर्ड इंजिनिअर, त्यांनी वहीत आकडे परत करून बघितले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, करा." मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा लोक फक्त रेट विचारतात.

काम तीन रविवार चाललं. जुना पंप काढला आणि 6 मीटर हेडचा छोटा सर्क्युलेटर, म्हणजे नुसतं पाणी फिरवणारा पंप, जेमतेम 100 वॅटचा, खाली पार्किंगमध्ये रिटर्न लाईनीवर बसवला. खाली बसवण्याचं कारण हे की तिथे वरच्या पाण्याचं साडेतीन किलो प्रेशर कायम असतं, सक्शनला कधीच हवा ओढली जात नाही. फक्त बॉडी 10 किलोला चालणारी आहे का ते बघून घेतलं, आणि स्टेनलेस स्टीलची घेतली, कारण या लाईनीत रोज नवीन पाणी येतं, बिडाची बॉडी गंजते. चारही रायझरच्या तळाशी बॅलन्सिंग व्हॉल्व्ह टाकले, म्हणजे कुठल्या लाईनीत किती पाणी फिरेल ते ठरवता येतं. व्हेंट गच्चीवरच्या हेडरच्या सर्वात उंच जागी नेला, पंप चालू असतानाही तिथे प्रेशर शून्याच्या वर राहतं हे आधी गेज लावून बघितलं.

एक काम मात्र ठरलेलं नव्हतं. पाईपांच्या डक्टमध्ये सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिकचा) पाईप वरपासून खालपर्यंत घट्ट क्लॅम्प करून टाकलेला, आणि दोन जॉइंट फुटून ओल आलेली. 33 मीटरचा सीपीव्हीसी पाईप 30 डिग्री तापला की 6 सेंटिमीटर वाढतो, त्याला जागा दिली नाही तर तो जॉइंट तोडूनच जागा करतो. मधोमध एक लूप घातला, आणि त्याच्या वर-खाली, लूपपासून लांब, एकेक क्लॅम्प घट्ट ठेवून बाकीचे सरकते केले.

पंप सुरू केला, आवाज नाही, हवा नाही, तीन रायझर छान गरम. चौथा कोमटच. आजींच्या नळाला 38 डिग्री.

त्या रात्री मी फार अस्वस्थ होतो. आकडे बरोबर, बॅलन्सिंग बरोबर, मग काय राहिलं. दुसऱ्या दिवशी वॉचमन काका सहज म्हणाले की रात्री दोन-तीनला टाकीच्या व्हेंट पाईपमधून पाणी गळतं. टाकीत पाणी फ्लोट व्हॉल्व्हमधून येतं, तो पातळी आली की बंद होतो, मग जास्तीचं पाणी आलं कुठून? एकच रस्ता उरतो, खालून, गरम लाईनीतून उलटं. या बिल्डिंगमध्ये गार पाण्यावर प्रेशर पंप आहे आणि गरम पाणी ग्रॅव्हिटीवर. म्हणजे कुठल्या तरी फ्लॅटमध्ये गार आणि गरम लाईन एकमेकांना जोडली गेलीय आणि गार पाणी जोर करून गरममध्ये घुसतंय.

रविवारी सकाळी, लोकांची परवानगी घेऊन, चौथ्या रायझरवरच्या अकरा फ्लॅटचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत गेलो आणि फिटर डक्टमध्ये पाईपला थर्मामीटर लावून फोनवर सांगत होता. पाचव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाच मिनिटांत पाईप तापायला लागला, 41, 44, 47. त्या घरात कमोडशेजारी गार-गरम पाण्याच्या मिक्सर नळावर हेल्थ फॉसेट (हातात धरायचा छोटा फवारा) जोडलेला, मिक्सरच्या दोन्ही बाजू कायम उघड्या आणि पाणी बंद करायचं ते हातातल्या ट्रिगरने. ट्रिगर बंद असला की आतल्या आत गार पाणी गरम लाईनीत जायचा रस्ता चोवीस तास मोकळा. त्या ताईंना काय माहीत असणार, त्या बिचाऱ्या सारखं सॉरी सॉरी म्हणत होत्या. मी म्हणलं ताई, यात तुमची काही चूक नाही, हे नळ बसवतानाच बघायला पाहिजे होतं. त्यांच्या गरम इनलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह टाकला, मग पूर्ण बिल्डिंग तपासली, अजून तीन घरांत तसंच निघालं, तिथेही टाकले.

हीट पंपाच्या बाजूच्या बंद लूपचं थोडक्यात सांगतो. तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह मशीन तापलं की रोज गळायचा. तापून वाढलेलं पाणी सामावून घेणाऱ्या एक्स्पान्शन टँकच्या हवेच्या पिनेला बोटाने दाबलं तर हवेऐवजी पाणी आलं, म्हणजे आतला फुगा फुटलेला. त्या लूपमध्ये 200 लिटर पाणी, ते तापलं की जवळजवळ 3 लिटर वाढतं, जायला जागा नाही म्हणून प्रेशर 3 किलोला पोचून व्हॉल्व्ह उघडायचा, गार झालं की प्रेशर पडायचं आणि ऑटो फिलिंगमधून नवीन पाणी यायचं. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, पण इथे फिलिंगला बोअरची लाईन जोडलेली! रोज नवीन क्षार, रोज नवीन ऑक्सिजन. प्लेट एक्स्चेंजर उघडला तर एका बाजूला पांढरा थर आणि स्ट्रेनरच्या जाळीत काळा गाळ. डिस्केलिंग केलं, म्हणजे क्षारांचा थर काढला, टँक बदलला, मऊ पाण्याने लूप भरून ऑटो फिलिंगचा व्हॉल्व्ह बंद केला आणि शेजारी गेज लावला. प्रेशर पडलं तर आधी गळती शोधायची, नुसतं पाणी भरायचं नाही, हे मेन्टेनन्सच्या मुलाला तीनदा सांगितलं.

बॅलन्सिंगला शेवटची पूर्ण सकाळ गेली. पहिला रायझर टाकीच्या जवळ, तो सगळं पाणी खातो, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त दाबायचा, मग दुसरा, तिसरा, आणि चौथा पूर्ण उघडा. एक बदल केला की वीस मिनिटं थांबायचं, चारही तळांचं तापमान लिहायचं, मग पुढचा. घाई केली की सगळं बिघडतं. दुपारी बारापर्यंत चारही 49 ते 51 च्या मध्ये आले. आठवड्यातून एकदा रात्री बॅकअप हीटरने टाकी 60 च्या वर न्यायचं टायमरमध्ये टाकलं, कारण कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा, न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नळाला पाणी जास्त कढत येतं, तशी सूचना लिफ्टमध्ये लावायला सांगितली.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली त्या आठवड्यात मी न सांगता सकाळी सहाला गेलो. आजींनी दार उघडलं, नळ सोडला, बारा सेकंदात 51 डिग्री. पातेलं ओट्याखाली पालथं ठेवलेलं होतं. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. खाली येऊन पंपाच्या पॅनलच्या दाराला आतून मार्करने चारही व्हॉल्व्ह किती आटे उघडे ठेवलेत ते लिहून ठेवलं, पहिला दीड, दुसरा सव्वादोन, तिसरा तीन, चौथा पूर्ण, आणि वॉचमन काकांना दाखवलं की हे कोणालाही फिरवू द्यायचं नाही, अगदी मी फोनवर सांगितलं तरी आधी मला इथे बोलवायचं.