चिलमारीच्या चरावर धान बघायला जाणार असाल तर

चिलमारी बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेकाठी. तिथल्या चरावर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावर, पुरात बुडूनही तगणारं धान बघायला गेलो होतो. भारतातून जाताना चांग्राबांधा–बुरीमारी सीमेवर दलालाला एक पैसा देऊ नका, अर्ज स्वतः भरता येतो. पुढे रंगपूर, कुरीग्रामपर्यंतचा रस्ता सोपा आहे.

खरा छळ चिलमारीच्या घाटावर. ‘अर्ध्या तासात चर’ म्हणत नाववाल्याने स्थानिकांच्या चौपट भाडं घेतलं आणि ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या भलत्याच पट्ट्यावर उतरवलं. तिथून भर उन्हात, पोटरीभर गाळ तुडवत गाव गाठायचं. परत येताना पुन्हा तीच घासाघीस. तेव्हा चराचं नाव आणि जाऊन-येऊन भाडं नावेत पाय ठेवण्याआधी चारचौघांत ठरवा, निम्मे पैसे परतल्यावरच द्या. पायात बूट नकोत, चिखल ते ओढून घेतो.

पण बांधीत पोचलो आणि सगळा शीण उतरला! आठवड्याहून जास्त बुडालेलं धान, पानं गाळाने माखून तपकिरी पडलेली. शेतकरी चाचांनी एक चूड उपटून बुंधा चिमटीत दाबायला दिला. टणक. शेजारच्या साध्या धानाचा बुंधा बोटांत पिचला. टणक बुंध्यातून कोवळे फुटवे डोकावत होते. साधं धान पाण्याखाली उंच वाढायच्या धडपडीत साठवलेली साखर संपवून मरतं. चाचांचं हे धान वाढ थांबवून तग धरतं. मात्र साधारण दोन आठवडेच. त्यापुढे हेही सडतं.

हा गुण ओडिशाच्या एफआर१३ए या वाणातला. फिलिपिन्सच्या ‘इरी’ या भात संशोधन संस्थेत तो आंध्रच्या स्वर्णा वाणात उतरवला, आणि तेच स्वर्णा-सब१ बांगलादेशात २०१० मध्ये ‘ब्रि धान ५१’ म्हणून आलं (‘ब्रि’ म्हणजे तिथली भात संशोधन संस्था). पुढे २०१४ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ यांच्यात एकमेकांच्या वाण-चाचण्या मान्य करायचं ठरलं. उत्तम निर्णय. पण ‘आता बियाणं कुठल्याही दुकानात मिळतं’ असं मला निघताना सांगितलं होतं, ते साफ खोटं. घाटाजवळ विचारलं त्या एकाही दुकानात नव्हतं. चाचांनी ते मेहुण्याच्या कणगीतून आणलेलं. असं हातोहात बियाणं किती शेतकऱ्यांपर्यंत पोचणार? करार करणाऱ्यांनी आधी घाटावरचं दुकान भरावं.

जायचं तर सप्टेंबरअखेर, पूर ओसरल्यावर. ऐन पुरात नाव घेऊ नका.

बियाणं पिशवीत घालून आणू नका, सीमेवर अडकाल. वैनगंगेच्या पुरात बांध्या बुडतात त्यांनी आपल्याच कृषी विद्यापीठात स्वर्णा-सब१ची चौकशी करावी. भारतात ते २००९ पासून प्रसारित आहे.