आमची वाटचाल : ‘निश्चितपणे’ भंगार

आमच्या अण्णांची भंगाराची व्याख्या सोपी होती : ज्याला भट्टीशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही, ते भंगार. 1987 मध्ये त्यांनी जालन्यात भाड्याच्या जागेवर वजनकाटा टाकला. अंबड, भोकरदन, मंठा इकडचे फेरीवाले मोडके फाळ, गंजके पत्रे, इंजिनांचे फुटके भाग आणून टाकायचे. अण्णा बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वेगळं काढायचे, पोलाद वेगळं, आणि तिसरा ढीग असायचा ‘चालू माला’चा. खरा पैसा याच ढिगात. गोठ्याला खांब हवा असला की शेतकरी यायचा, त्यातला पाईप नाहीतर चॅनेल हाताने निवडायचा आणि भट्टीवाल्याच्या दीडपट भाव मोजून जायचा.

हा तिसरा ढीग पुढे आम्हाला किती महागात पडेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या आमच्या गावात रोलिंग मिला आणि इंडक्शन भट्ट्या वाढत गेल्या. आसपासच्या जिल्ह्यांतलं भंगार पुरेनासं झालं. 2006 मध्ये मी आयात-निर्यात कोड काढला आणि दुबईच्या एका व्यापाऱ्याकडून न्हावा शेव्याला पहिले दोन कंटेनर मागवले. माल ‘एचएमएस एक-दोन, 80:20’. एचएमएस म्हणजे वितळवायचं जड पोलादी भंगार; ऐंशी टक्के पाव इंच आणि त्याहून जाड, वीस टक्के पातळ. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे सीमाशुल्काकडे भरायच्या आयात-अर्जावर, शुल्काचं शीर्षक 7204, लोखंड-पोलादाचं भंगार. दोन्ही कंटेनर सुरळीत सुटले आणि मला वाटलं, जमलं की!

तिसऱ्या खेपेला कंटेनरचं दार उघडलं तर आत पाईप. सहा-सहा मीटरचे, वरून गंजलेले, पण सरळसोट. आमचा सीएचए, म्हणजे सीमाशुल्काची कामं करणारा एजंट, मुरलेला माणूस. फोनवर म्हणाला, “शेठ, तुमच्यासाठी भंगार असंल. साहेबांना पाईप दिसतोय.”

मी तणतणत न्हावा शेव्याला गेलो. सीमाशुल्काच्या साहेबांनी टॅरिफचं, म्हणजे शुल्काच्या वर्गवारीचं, पुस्तक पुढे सरकवलं. विभाग पंधराच्या टिपांमध्ये भंगाराची व्याख्या आहे. धातूकामातला टाकाऊ भाग तर भंगारच, आणि तुटल्या-कापल्या-झिजल्यामुळे जशाच्या तशा ‘निश्चितपणे’ वापरता येत नाहीत अशा धातूच्या वस्तूही भंगार. सगळी गोम त्या ‘निश्चितपणे’ शब्दात. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात तर उदाहरणंच दिली आहेत. झिजलेले रूळ खाणीत टेकू म्हणून चालत असतील किंवा तापवून लाटता येत असतील, तर ते 7204 मध्ये बसत नाहीत. साफ करून, धार लावून पुन्हा चालणारी कानससुद्धा नाही. थोडक्यात, न वितळवता ज्याचं काही होऊ शकतं ते भंगार नव्हे. अण्णांचीच व्याख्या, फक्त सरकारी भाषेत!

साहेबांनी एवढंच विचारलं, “हे पाईप तुमच्या यार्डात आले तर तुम्ही सगळे भट्टीला घालणार का?” मी हो म्हणालो. पण मान खाली होती, कारण अर्धे तरी तिसऱ्या ढिगात गेले असते, हे मलाच ठाऊक होतं.

शेवटी सीमाशुल्क कायद्याच्या कलम 24 चा आधार घेऊन माल तिथेच निकामी करून घेण्याची परवानगी मिळाली. गॅस कटरवाले लावले, पाईप हात-दीड हाताचे तुकडे होईपर्यंत कापले. कापणीची मजुरी, जागेचं भाडं, शिपिंग लाइनचा दिवसागणिक चढणारा आकार, या सगळ्यात त्या कंटेनरचा नफा तर गेलाच, आधीच्या दोन्हींचाही गेला. त्यातला एक तुकडा अजून ऑफिसात दाराला अडण म्हणून आहे.

त्यानंतर खरेदीच्या करारात एक ओळ घातली : लांबी अमुकपेक्षा जास्त नको, रूळ नकोत, आख्खे पाईप नकोत. पुरवठादार कुरकुरले. एकाने तर पाठच फिरवली.

2008 चं काय सांगू? जुलैत टनाला सातशे डॉलरच्या आसपास असलेला बाजार दिवाळीनंतर दोनशेच्या घरात. आमचे चार कंटेनर तेव्हा समुद्रात होते. एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र, उघडलेली, म्हणजे पैसे द्यायचेच. आईच्या बांगड्या गेल्या. तेवढं पुरे.

7204 खालच्या उपकोडांचं शहाणपण मात्र हळूहळू आलं. बिडाचं भंगार 7204 10, स्टेनलेसचं 7204 21, लेथवरचा कीस, बोरिंग आणि पंचिंगचे तुकडे 7204 41, उरलेलं बहुतेक साधं पोलाद 7204 49. नवखे म्हणतात, शुल्क सारखंच तर कोणताही कोड टाका. कसं चालेल? एचएमएस म्हणून आलेल्या कंटेनरच्या मागच्या अर्ध्यात एकदा तेलकट टर्निंग, म्हणजे लेथवरचा कीस, निघालं. भट्टीत त्याची घट जास्त, भट्टीवाल्याने भाव पाडला, आणि कागदावर 49 असल्याने पुरवठादाराशी भांडायला वेगळंच बळ लागलं. स्टेनलेसची गोष्ट उलटी. किंमत कित्येक पट, त्यामुळे 49 च्या ढिगात त्याचे तुकडे चमकले की मूल्य लपवल्याचा संशय आधी येतो.

माल जहाजात चढण्याआधीच्या तपासणीच्या दाखल्याचा कंटाळा मीही एके काळी करायचो. पण 2004 मध्ये गाझियाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातले तोफगोळे फुटून कामगार मेले, तेव्हापासून नियम कडक झाले. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 सापडलं. ते तर परदेशातून नव्हे, इथल्याच प्रयोगशाळेतून भंगारात आलं होतं. त्या महिन्यात आम्ही काट्यावर किरणोत्सर्ग मोजणारा मीटर आणला, आणि तो देशी मालालाही लावतो.

2021 च्या अर्थसंकल्पात पोलाद भंगारावरचं अडीच टक्के शुल्क शून्य झालं, आणि नंतर मुदत वाढत गेली. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 18 टक्के आहेच. आता डोळे युरोपकडे लागलेत. त्यांच्या नव्या कचरा-वाहतूक नियमानुसार 21 मे 2027 पासून ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेबाहेरच्या देशाला त्यांच्या यादीत असल्याशिवाय तिथलं भंगार मिळणार नाही. मुलगी आता कागदपत्रं बघते. तिने युरोपच्या मालाची वेगळी फाईल केली आहे.

अण्णा ऐंशीच्या पुढे आहेत. रोज संध्याकाळी यार्डात येतात, नव्या कंटेनरच्या ढिगाभोवती काठी टेकत फिरतात आणि एखादा सरळ गज दिसला की विचारतात, “हा का टाकला रे भट्टीला?”