आमची वाटचाल : सतरा बिंदूंचा माणूस

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्याच्या माडीवर आमचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा आम्ही फक्त सीसीटीव्ही बसवून देत होतो. रात्रपाळीत एकटा कामगार मागाजवळ पडला तर लगेच कळावे, अशी मागणी एका कारखानदाराने केली. कामगारांना मात्र तोंडावर रोखलेला कॅमेरा नको होता, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

म्हणून आम्ही सांगाड्यावरून क्रिया ओळखण्याच्या तंत्राकडे वळलो. यात प्रत्येक फ्रेममधून नाक, खांदे, मनगटे, गुडघे अशा १७ बिंदूंची जागा टिपली जाते व चित्र टाकून देता येते. एवढ्यावरून हालचाल ओळखू येते, हे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी सांध्यांवरच्या ठिपक्यांच्या चित्रणातून १९७३ मध्येच दाखवले होते. आम्ही वापरतो ती एसटी-जीसीएन ही बिंदूंच्या जाळ्यावरून संगणकाला क्रिया ओळखायला शिकवणारी पद्धत २०१८ची. तीत सांधे हाडांप्रमाणे एकमेकांशी जोडलेले असतात आणि प्रत्येक सांधा पुढच्या फ्रेममधल्या स्वतःशीही जोडलेला असतो. सोलापूरकराला हा ताणाबाणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिले प्रात्यक्षिक सपशेल फसले. विणकर तुटलेली तार सांधायला मागावर वाकला, की पडद्यावर ‘व्यक्ती पडली’ असे उमटे. असे तीनदा झाले. “अहो, हा पडला असता तर माग कोण चालवतोय?” असे मालकांनी विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. एनटीयू या प्रसिद्ध नमुनासंचात ६० क्रियांच्या ५६,८८० नोंदी आहेत, पण तो संशोधनापुरताच खुला असल्याने आम्ही ऑफिसातल्या मुलांना गादीवर पाडून संगणकाला शिकवायचे नमुने तयार केले होते. तार सांधणारा माणूस त्यांत कुठून असणार? शिवाय मागाआड झाकलेले गुडघे संगणक अंदाजाने मांडत होता आणि आम्ही ते खरे धरत होतो.

त्या विणकरानेच आम्हाला वाट दाखवली. सांधताना डोके खाली जाते, बोटे एकाच जागी चालतात, कंबर मात्र वरच राहते. पडणाऱ्याची कंबर झपकन खाली येते. मग आम्ही कॅमेरा समोरून काढून गल्लीच्या टोकाला लावला, विणकरांच्या संमतीने सांधण्याचे नमुने घेतले आणि ज्या बिंदूची खात्री कमी, त्याचे वजन कमी केले.

पुढे दुसऱ्या एका मालकांनी कामगार किती वेळ बसून राहतो, तेही मोजून मागितले. तंत्राने ते जमते. आम्ही नकार दिला आणि ती ऑर्डर गेली.