आमची वाटचाल: मेल जपण्याचं काम

वाळूज एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती नेटवर्कच्या केबल टाकण्यापासून. पुढे चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याच्या स्टील व बियाणे कंपन्यांची कामं मिळत गेली. तोवर पर्चेस ऑर्डर फॅक्सवरून मेलवर आल्या होत्या आणि मालक मंडळी एकच मागणी करू लागली: "पोरांना मेल डिलीटच करता येऊ नये, असं काही करून द्या."

मागणी रास्त होती. ड्रॉइंग बदलल्याचा मेल, दर ठरल्याचा मेल, रिजेक्शनचा मेल. नोकरी सोडणारा माणूस मेलबॉक्स साफ करून गेला, तर कारखानदाराने भांडायचं कशाच्या जोरावर?

डोव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एसीएल (कोणाला काय करता येईल याची यादी) लावून डिलीट आणि एक्सपंजचे (मेल कायमचा पुसण्याचे) हक्क काढता येतात. पण आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीत, मेल दुसऱ्या फोल्डरला हलवणं म्हणजे तिथे कॉपी करून मूळचा पुसणं. हक्क काढले की हलवणंही बंद. ड्राफ्ट दर सेव्हला साचत जातात, स्पॅम इनबॉक्समध्येच पडून राहतो. वैतागलेला माणूस मग सौद्याचं बोलणं व्हॉट्सॲपवर नेतो, म्हणजे होती ती नोंदही गेली. आणि आउटलुक पॉपवर, म्हणजे मेल उतरवून घ्यायच्या पद्धतीवर लावलेलं असेल, तर मेल सर्व्हरवरून कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलेला असतो. तिथे एसीएल काय करणार?

म्हणून आम्ही डिलीटचं बटण कर्मचाऱ्याकडेच ठेवतो. पोस्टफिक्स या मेलची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑलवेज बीसीसी ही सोय लावली की आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची प्रत मेलबॉक्सच्या आधीच वेगळ्या खात्यात पडते. ते खातं ऑफिसात कोणाच्याच आउटलुकला जोडलेलं नसतं, आणि त्याचा बॅकअप रोज दुसऱ्या मशिनवर जातो. जोडीला डोव्हकॉटचं लेझी एक्सपंज, म्हणजे पुसलेला मेल लगेच नष्ट न करता बाजूला ठेवण्याची सोय. त्यामुळे चुकून उडालेला मेल लगेच परत देता येतो, आणि रोजचे फोन बहुतेक त्यासाठीच असतात.

जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावं लागतं, म्हणून मेलसाठीही आम्ही निदान तेवढी मुदत सुचवतो.

आमची एक अट आहे. प्रत ठेवली जाते हे प्रत्येक कर्मचाऱ्याला मराठीत लेखी कळवायचं, आणि ती कोण, कोणाच्या परवानगीने उघडणार हेही त्यात लिहायचं. चोरून नजर ठेवायची असेल, तर ते काम आम्ही घेत नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो.