आमची वाटचाल : भट्टीपासून टेबलापर्यंत

आमच्या खानावळीत पांढरा रस्सा दोन ठिकाणी बिघडतो. एक म्हणजे भट्टीवर. नारळाचं दूध घातल्यावर जाळ कमी केला नाही तर रस्सा फुटतो, वर तेल सुटतं आणि खाली पाणी राहतं. हे आचाऱ्याला लगेच दिसतं, तो ते पातेलं बाहेर जाऊ देत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे भट्टी आणि शेवटचं टेबल यांच्यामधली बावीस पावलं. तिथं बिघडलेला रस्सा स्वयंपाकघरात कुणालाच कळत नाही. बकऱ्याची चरबी लवकर थिजते. वाटी चार-पाच मिनिटं ताटं द्यायच्या खिडकीत पडून राहिली की कडेनं पांढरी रेघ धरते आणि घोट घेताना टाळूला मेणासारखं चिकटतं. गिऱ्हाईक म्हणतं, "आज चव नाही." आचारी म्हणतो, "मसाला रोजचाच आहे." दोघंही खरं बोलत असतात. एवढं समजायला मला चार वर्षं लागली आणि त्यात बरेच पैसे गेले.

खानावळ आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९४ साली कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत सुरू केली. सहा टेबलं, एक फळा, आणि मागच्या खोलीत आई. धान्याच्या दुकानांतले हमाल, गावाकडून बाजाराला आलेली माणसं आणि महिन्याचे पैसे भरून जेवणारी कॉलेजची पोरं एवढंच गिऱ्हाईक. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. बाकी दिवस आमटी-भात, पिठलं, एखादी उसळ. आईच्या हाताला चव होती हे सगळेच म्हणायचे, त्यामुळं धंदा आईच्या हातावर चालतो असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. आबा काय करायचे? ओगराळं घेऊन फिरायचे. मला ते काम वाटतच नसे.

त्यांची एक पद्धत होती. ताटात भाकरीचा शेवटचा चतकोर राहिला की ते तिथं हजर. न विचारता अर्धं ओगराळं तांबडा, आणि आत हाक, "एक भाकरी गरम!" तोपर्यंत माणसानं मान वर केलेली नसायची. पुढं मी हाताखाली आलो तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "तोंडाकडं बघू नको, ताटाकडं बघ. तोंडाकडं बघितलं की माणूस लाजतो, पोट भरलं म्हणतो." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

२००८ साली शाहूपुरीत, स्टेशनपासून जवळ, मोठी जागा मिळाली. अठरा टेबलं, बहात्तर माणसं. कर्ज काढलं, मागं स्वतंत्र स्वयंपाकघर बांधलं, मध्ये ताटं द्यायची खिडकी ठेवली. गिऱ्हाइकाला धूर नको, आवाज नको, असा माझा हिशोब. आईला आता भट्टीपुढं उभं राहणं होत नव्हतं, म्हणून तिनं दोन आचारी तयार केले. आबा गल्ल्यावर बसले. वाढायला पगारी पोरं आली. पहिले सहा महिने जत्रा होती. मग गर्दी ओसरायला लागली, आणि एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागली, की पूर्वीची चव राहिली नाही.

चव म्हटल्यावर मी मसाल्यात शिरलो. रंगासाठी ब्याडगी होतीच, तिच्या जोडीला संकेश्वरी मिरची चढ्या भावानं आणली. पांढऱ्यात काजू वाढवले, खसखस वाढवली. भाताला आजरा घनसाळ लावला, त्याचा वास दारापर्यंत यायचा. एक आचारी बदलला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, हे आज लिहिताना वाईट वाटतं. ताटामागं खर्च वाढत गेला आणि तक्रार जागची हलली नाही.

शेवटी सांगितलं ते एका निवृत्त मास्तरांनी. लक्ष्मीपुरीपासूनचं गिऱ्हाईक. बिल देताना म्हणाले, "रस्सा तुझ्या आईचाच हाय रं. पण आबा वाढत होते तवा पळत यायचा, आता चालत येतोय."

पुढच्या रविवारी मी गल्ल्यावर नाही, सतरा नंबरच्या टेबलावर जाऊन बसलो. मोबाइलवर घड्याळ लावलं. ऑर्डर गेल्यापासून ताट यायला चौदा मिनिटं. त्यातली पहिली सहा-सात मिनिटं ठीक. पण त्यानंतर सुक्कं, तांबडा, पांढरा, कांदा-लिंबू सगळं मांडलेलं ताट खिडकीत नुसतं पडून होतं. कशासाठी? भाकरीसाठी. भाकरी बडवून, तव्यावर टाकून, जाळावर फुगवून हातात यायला दोन मिनिटं जातात. एका तव्यावर तासाला तीस-पस्तीसच्या वर निघत नाहीत. माझ्याकडं तवे दोन आणि एका बैठकीला बहात्तर माणसं, प्रत्येकाच्या किमान दोन भाकऱ्या. हे गणित चौथीतल्या पोरानं सोडवलं असतं. मी चार वर्षं मिरच्या बदलत होतो.

लक्ष्मीपुरीत हा घोळ का झाला नाही? तिथं आई तव्यापुढं बसल्या जागेवरून सगळी टेबलं बघू शकत होती, आणि आबांची हाक दोन हातांवर होती. भिंत बांधून मी त्या दोघांची नजर बंद केली होती.

मग बदल केले. भिंतीचा अर्धा भाग पाडला. दोन नवे तवे टाकले, दोन मावशी वाढवल्या. पण खरा फरक पडला तो पांढऱ्या रश्श्याला ताटातून बाहेर काढल्यावर. आता माणूस टेकतो, पाणी येतं, आणि पाठोपाठ पांढऱ्याची छोटी वाटी, ऑर्डर घेण्याच्याही आधी. वाट्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये असतात, ओतायच्या वेळी पुसून घ्यायच्या. तो रस्सा लोक फुंकून फुंकून पितात, बोलतात, आणि तेवढ्यात भाकरीला लागणारी मिनिटं निघून जातात. तांबड्याचं दुखणं एवढं नाही, तो पुन्हा गरम केलेला चालतो. पांढऱ्याला तशी माफी नाही.

दुसरी गोष्ट, वाढप्यांमधली दोन पोरं फक्त रश्श्याची. त्यांनी ऑर्डर घ्यायची नाही, बिल द्यायचं नाही, टेबल पुसायचं नाही. हातात किटली आणि ओगराळं, आणि नजर ताटांवर. नवीन पोराला मी आबांचं तेच वाक्य सांगतो, आणि तेही माझ्यासारखंच दोन-तीन महिने ते मनावर घेत नाही.

२०१७ चं सांगायलाच हवं. घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून त्या वर्षी मे महिन्यात मी पुढच्या दालनात एसी बसवला. १ जुलैला जीएसटी आला. एसी नसलेल्या हॉटेलला १२ टक्के, एसीवाल्याला १८. आणि हॉटेलच्या कुठल्याही एका भागात एसी असला तर पंख्याखाली जेवणाऱ्यालाही १८ टक्केच. आता पंख्याखाली घाम पुसत बसलेल्या माणसाला हे कसं समजावायचं? रोज गल्ल्यावर वाद. एक पाहुणे म्हणाले, "मग आम्हांला एसीचा वारा डब्यात भरून द्या." १५ नोव्हेंबरपासून सरसकट ५ टक्के झाले, इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं, पण बिलावरची भांडणं थांबली. ते साडेचार महिने जेवण उत्तम होतं आणि वाढपही चोख होतं. तरी माणसं चिडून बाहेर पडायची, कारण शेवटचा घास बिलाचा असायचा.

त्याच नव्या एसी दालनात घडलेली एक गोष्ट मला अजून टोचते. आमच्याकडं तेव्हा मोठ्या शहरात काम करून आलेला एक कॅप्टन, म्हणजे गिऱ्हाइकांना बसवणारा आणि वाढप्यांवर देखरेख करणारा, होता. कपड्यांवरून माणूस ओळखायचा आणि त्याचा त्याला अभिमानही होता. एका रविवारी लक्ष्मीपुरीतले एक जुने हमाल नातीला घेऊन आले, डोक्याला मुंडासं, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. पुढं तीन टेबलं रिकामी असताना कॅप्टननं त्यांना हात धुवायच्या बेसिनजवळ बसवलं. मी बघितलं आणि गप्प राहिलो, कारण पुढच्या दालनात एक मोठी पार्टी यायची होती. आबा मात्र गल्ल्यावरून उठले. गुडघे दुखत असताना चालत गेले, दोघांना उठवून पुढच्या दालनात मधोमध बसवलं, आणि ओगराळं मागवून स्वतः वाढायला लागले.

रात्री शटर ओढल्यावर आबांनी मला एवढंच विचारलं की शाहू महाराज चहाला कुठं थांबत होते. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अस्पृश्य म्हणून ज्यांच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते, त्या गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. त्या 'सत्यसुधारक' हॉटेलपुढं स्वतःची गाडी थांबवून ते चहा घेत, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. या गावात हॉटेलात कोण कुठं बसतो याला फार जुना अर्थ आहे. तेव्हापासून आमच्याकडं नियम एकच, जो आधी आला तो आपलं टेबल आपण निवडणार. कॅप्टनला तो पटला नाही. महिन्याभरात तो सोडून गेला.

टिपेवरूनही घरात वादळ झालं होतं. पूर्वी जो वाढेल त्याच्या खिशात टिप. पण गिऱ्हाईक टिप देतं ते फुगलेल्या भाकरीवर खूश होऊन, आणि भाकरी करणाऱ्या मावशीच्या हाती त्यातलं काहीच पडत नव्हतं. मी गल्ल्यावर एकच डबा ठेवला, शनिवारी रात्री सगळ्यांसमोर उघडायचा, भांडी घासणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत सारखी वाटणी. दोन चांगले वाढपी त्या पायी गेले. मी चुकलो का? त्या दोघांपुरता असेन. पण त्यानंतर एक फरक दिसला, खिडकीत ताट अडकलं की मावशीच आतून ओरडायला लागल्या, "आरं, ताट न्या की!" बिलात सर्व्हिस चार्ज आम्ही कधी लावला नव्हता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो बिलात आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा बरीच माणसं आमचंही बिल उलटून पालटून बघायची.

श्रावणाचा प्रश्न मटणवाल्या प्रत्येकाला असतो. आखाडात, विशेषतः अमावास्येच्या आधी, पाय ठेवायला जागा नसते. आणि दुसऱ्याच आठवड्यात पंखे फिरताहेत, माणूस नाही. बरेच जण श्रावणात पोरांना बिनपगारी गावी पाठवतात. आम्हीही पाठवायचो. गणपतीनंतर त्यातली निम्मी परत यायची नाहीत, आणि नवी पोरं ऐन दिवाळीच्या गर्दीत शिकायची. आता श्रावणात शाकाहारी ताट असतं, वांगं, अख्खा मसूर, झुणका. त्यात फायदा नाही, पण पोरांचा पगार निघतो आणि शिकलेला हात घरात राहतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, महामार्ग बंद, नळ बंद. आमच्या दारापर्यंत पाणी आलं नाही, तरी भांडी धुवायला पाणी नसल्यानं दुकान बंदच. उघडलं ते टँकरच्या पाण्यावर आणि पत्रावळीवर. त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२० आला.

लॉकडाऊननं मला वाढपाची किंमत उलट्या बाजूनं शिकवली. फक्त पार्सल चालू होतं. टेबलावर रस्सा हवा तेवढा. पण पार्सलमध्ये किती द्यायचा? पाव लिटर दिला तर फोन यायचा, "एवढाच?" अर्धा लिटर दिला तर परवडायचं नाही. मजा म्हणजे टेबलावर बहुतेक माणसं पाव लिटरच्या आतच उरकतात. त्यांना रस्सा जास्त लागत नाही, वाढायला कुणीतरी उभा आहे हे लागतं. डब्यात तेवढं भरता येत नव्हतं. शिवाय पांढरा घरी पोचून गिऱ्हाइकानं भडक जाळावर ठेवला की फुटायचा, आणि शिव्या आम्हांला. मग आईनं सांगितलं तसं छापून डब्यावर चिकटवलं : "मंद आचेवर, ढवळत, उकळी न आणता." तक्रारी निम्म्यानं कमी झाल्या. डब्यावरची ती चिठ्ठी म्हणजे आमचा त्या वर्षातला वाढपी.

आबा गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यांचं पितळी ओगराळं दांड्याशी दोनदा डागून घेतलंय आणि ते अजून वापरात आहे. देवाऱ्यात ठेवू म्हणणाऱ्या बहिणीला मी नाही म्हणालो. वाढणाऱ्या पोरांत आता ओडिशाची चार आहेत. त्यातल्या एकाचं मराठी "रस्सा?", "गरम हाय" आणि "बसा पाव्हणं" एवढ्यावर चालतं, पण ताटाकडं त्याच्याइतकं कुणी बघत नाही. परवा मास्तर आले होते. वय झालंय, दात नाहीत, भाकरी कुस्करून खातात. त्या पोरानं ते बघितलं आणि न सांगता तांबडा जास्त आणि भाकरी मऊ, शेकायच्या आधीचीच आणून दिली.

येत्या आखाडाच्या आत पाचवा तवा टाकायचा आहे. जागा एकाच ठिकाणी निघते, माझ्या गल्ल्याच्या मागं. गल्ला दारात सरकवला तर उन्हात बसावं लागेल, म्हणून बायको नको म्हणतेय. सुतार सोमवारी माप घ्यायला येणार आहे.